कौशल्य धोरणावर सूचना मागवल्या होत्या, आम्ही पाठवल्या: कोकणातला अनुभव

सरकारचा कुठलातरी मसुदा येतो, "नागरिकांनी सूचना पाठवाव्यात" अशी चार ओळींची बातमी पेपरात आतल्या पानावर येते आणि आपण पान उलटतो. मीही उलटलंच असतं. पण 2015 साली कौशल्य विकास आणि उद्योजकता ह्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा आला तेव्हा आमच्या गावातले रिटायर गुरुजी त्याची प्रिंट काढून थेट माझ्या वर्कशॉपला आले. माझं काम बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं, आयटीआयला मेकॅनिक डिझेल केलंय, मालवणच्या बाजूला किनाऱ्यालगत पत्र्याची शेड आहे. गुरुजी म्हणाले, हे बघ, कौशल्य म्हणजे काय ते दिल्लीत ठरतंय आणि तू इथे हातभर ग्रीस लावून बसलायस, जरा वाच तरी.

वाचायचं म्हणजे इंग्रजी. आमच्या हाती आला तो मसुदा इंग्रजीतलाच होता, आणि ही जिओ यायच्या आधीची गोष्ट, शेडमध्ये नेटची एक दांडी आली तर आली, पीडीएफ मोबाईलवर उघडायची म्हणजे चहा पिऊन होईपर्यंत गोल गोल फिरत राहणार. म्हणून प्रिंट. गुरुजी वाचणार, मराठीत सांगणार, आणि मी पेन्सिलने बाजूला खुणा करणार असं ठरलं. मागची थोडी माहिती पण त्यांनीच दिली, म्हणजे असं की पहिलं राष्ट्रीय कौशल्य धोरण 2009 सालचं, त्यात 2022 पर्यंत 50 कोटी लोकांना कौशल्य द्यायचं टार्गेट होतं आणि दर पाच वर्षांनी फेरविचार करायचं त्यातच लिहिलेलं, मग 2014 च्या नोव्हेंबरात कौशल्य विकासाचं वेगळं मंत्रालय झालं आणि हा नवा मसुदा त्यांनी काढला. 50 कोटी ऐकून मी हसलो, आमच्या अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाखाच्या आत आहे.

संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात बसायचं ठरलं. बोलावलं सगळ्यांना, म्हणजे बोटवाले, खलाशी, बायकोच्या बचत गटातल्या बायका, एक सुतार, दोनतीन बेकार पोरं. आता आमच्याकडे मीटिंग म्हटली की काय होतं माहितीय ना, पहिला अर्धा तास डिझेलच्या परताव्यावर गेला, मग पर्ससीनवर, म्हणजे मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरून करायच्या मासेमारीवर. पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार ह्यांच्यात तेव्हा वातावरण तापलेलंच होतं, त्यामुळे दोघंतिघं उठूनच उभे राहिले. गुरुजींनी शाळेत करायचे तसं डस्टरच्या जागी चप्पल आपटली आणि म्हणाले, हे मत्स्यखात्याचं नाही, हे धोरण शिकण्याबद्दल आणि धंदा काढण्याबद्दल आहे, त्यावर बोला नाहीतर घरी जा. एक तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, म्हणाला, "ह्यां सगळा दिल्लीक कोण वाचतलो?" त्यावर गुरुजी, "नाय वाचूचे तर नाय, पण आपण लिवलाच नाय तर वाचतले काय?"

त्यांनी एक पद्धत घालून दिली, ती मला आजपर्यंत उपयोगी पडलीये म्हणून सांगतो. कुठलीही सूचना असो, आधी पान आणि परिच्छेद नंबर, मग मसुद्यात काय लिहिलंय ती ओळ, मग त्या ओळीच्या जागी काय लिहावं ते, आणि मग का, ते दोन वाक्यात. "कोकणावर अन्याय होतोय" हे वाक्य लिहायला बंदी. कारण तिकडे जो कोणी ऑफिसर बसलेला असेल त्याच्यापुढे हजारो कागद येणार, त्याला आपलं रडगाणं कुठे चिकटवायचं ते कळणार नाही, पण "ह्या ओळीत हे चार शब्द घाला" म्हटलं तर निदान हो किंवा नाही तरी म्हणता येईल. मला हे तेव्हा जरा कोरडं वाटलं होतं. पण चार डझन लोकांच्या तक्रारी ह्या गाळणीतून गाळल्यावर शेवटी तीनच मुद्दे उरले आणि ते तिन्ही दमदार होते.

पहिला मुद्दा काकींचा. ह्या काकी बायकोच्या गटात काजू फोडतात, पंचवीसेक वर्षं तेच काम. मसुद्यात आरपीएल म्हणून प्रकार होता, म्हणजे रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग, सोप्या भाषेत ज्याला काम आधीच येतं त्याची परीक्षा घेऊन त्याला सर्टिफिकेट द्यायचं. गुरुजींनी समजावलं तर काकी म्हणाल्या, "माका सर्टिफिकेट कित्याक होया? घोवाक दाखवूक?" घोव म्हणजे नवरा. सगळे हसले. पण मग गुरुजींनी त्यांना विचारलं की तुम्हाला नक्की काय काय येतं, आणि काकींना सांगताच येईना. बी उकडायची किती, तर "कळता". कटरवर किती दाबायचं, तर "हाताक कळता". दुसऱ्या दिवशी आम्ही गटाच्या काजूच्या शेडवर जाऊनच बघितलं. त्या पायाने कटर दाबतात, बी दोन तुकडे होते, गर अख्खा बाहेर, टरफलातला चीक हाताला लागू नये म्हणून बोटांना तेल चोळलेलं, आणि हे सगळं बोलता बोलता, बघत सुद्धा नाहीत. मग साल काढलेल्या गरातून एक मूठ उचलली आणि म्हणाल्या हे 320. काजूचा नंबर म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात तो आकडा, 240 म्हणजे मोठा, 320 म्हणजे त्याच्याखालचा. गुरुजींचा विश्वास बसेना, त्यांनी तराजूवर साडेचारशे ग्राम तोलले आणि मोजायला बसले, अडीचशेच्या पुढे गेल्यावर कंटाळून म्हणाले बरोबर आहे, बरोबर आहे.

तर आमची पहिली सूचना अशी गेली की आरपीएलची परीक्षा लेखी किंवा टॅबवर न घेता कामाच्या जागेवर, रोजच्या अवजारांवर घ्यावी, परीक्षक स्थानिक भाषा समजणारा असावा, आणि चौथी पास बाईला "तुमच्या कामाचे टप्पे लिहा" असं विचारू नये. खाली कारण म्हणून काकींचा 320 नंबरचा किस्सा दोन ओळीत लिहिला. त्यातच मी माझ्या धंद्याचं घुसडलं, की बोटीच्या इंजिनाचा मेकॅनिक आवाज ऐकून नोझल गेलंय का पंप गेलाय ते सांगतो, आमच्याकडे असे आठवी नापास लोक आहेत ज्यांच्याकडे मी आयटीआयवाला शिकलोय, त्यांची परीक्षा वर्गात बसवून होणार नाही.

दुसरा मुद्दा कॅलेंडरचा, आणि खरं सांगायचं तर ह्याच्यावरच मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण बाहेरच्या माणसाला हे कळतच नाही. ट्रेनिंग कधी ठेवायचं? पुरुषांचं म्हणाल तर मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै, तेव्हा बोटी वर ओढलेल्या, खलाशी रिकामे, जाळी दुरुस्ती सोडली तर काम नाही, म्हणजे तेव्हाच ट्रेनिंग द्या. पण त्याच घरातली बाई जून-जुलैत भाताचा तरवा (रोपं) आणि लावणीत गुडघाभर चिखलात उभी असते. मग ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, चाकरमानी घरी, त्या दिवसात कोकणात तुम्ही कुठल्या सायबाला बोलावलंत तरी तो पण आरतीला उभा राहील. मग भातकापणी, मग दिवाळी. बाईला मोकळा वेळ मिळतो तो साधारण डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा पुरुष समुद्रात नाहीतर आंब्याच्या मोहोरावर फवारणी करायला कलमात. आणि मार्चपासून काजू, एप्रिल-मे आंबा, कोकम, तेव्हा तर घरातलं लहान पोरगं सुद्धा कामाला. म्हणजे एका घरात, एका चुलीवर जेवणाऱ्या दोन माणसांचं कॅलेंडर जुळत नाही, आणि सरकारी योजनांची गाडी जोरात धावते कधी तर मार्च एंडिंगला! फंड संपवायचा म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये बॅच काढायच्या, नेमकं काजूच्या सिझनला, आणि मग रिपोर्टमध्ये "महिलांचा अल्प प्रतिसाद". असं लिहिलेले कागद मी डोळ्यांनी पाहिलेत.

आम्ही लिहिलं की बॅचचं वेळापत्रक जिल्ह्याने तिथल्या हंगामाप्रमाणे ठरवावं, आर्थिक वर्षाप्रमाणे नको. आणि सलग पूर्ण दिवसाऐवजी अर्ध्या दिवसाचे, तुकड्या तुकड्यात पूर्ण करता येतील असे कोर्स असावेत, कारण वाडीतून तालुक्याला यायला सकाळची एसटी आणि जायला दुपारची, ती चुकली तर बाईमाणसाने राहायचं कुठे. एसटीचा मुद्दा लिहू नको, फार बारीक आहे असं एका पोराचं म्हणणं, पण गटातल्या बायकांनी तोच पहिला लिहायला लावला.

तिसरा मुद्दा उद्योजकतेचा आणि तो म्हणजे सातबारा. कोकणातल्या माणसाला हा शब्द उच्चारला की पुढचं सांगायला लागत नाही. आमच्या काजूच्या शेडची जागा वडिलोपार्जित, सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं, काही वारलेले, काही मुंबईत, एक आत्तेचं कुटुंब बडोद्याला, ज्यांना जमीन कुठे आहे ते पण माहीत नाही पण सही हवी. शेड बांधायची, थ्री फेज मीटर घ्यायचा, बँकेत कर्जाला जायचं, प्रत्येक ठिकाणी संमतीपत्र. छोट्या धंद्यांना कर्ज देणारी मुद्रा योजना त्याच वर्षी 8 एप्रिलला सुरू झालेली, 10 लाखापर्यंत तारण नको असं, म्हणून आम्ही खुश होतो, पण तारण नको म्हणजे कागद नको असं नाही, धंद्याच्या जागेचा पुरावा द्याच, आणि तो पुरावा म्हणजे फिरून सातबारा. आमची सूचना: सामाईक जमिनीवर प्रत्यक्ष धंदा करणाऱ्याला ग्रामपंचायतीचा दाखला आणि कब्जा ह्यावर उद्योजक म्हणून धरावं. आता हे कौशल्य मंत्रालयाच्या हातात नाही हे आम्हालाही कळत होतं, महसूल खातं वेगळं, बँका वेगळ्या. पण गुरुजी म्हणाले धोरण उद्योजकतेचं पण आहे ना, मग आपला अडथळा तिथे लिहायचा, तो कोणाच्या खात्यात येतो हे त्यांनी बघावं.

टायपिंग सायबर कॅफेत झालं. इंग्रजीत करायचं का मराठीत ह्यावर थोडा वाद, शेवटी गुरुजींनी इंग्रजी केलं आणि मराठी मागे जोडलं. खाली सह्या, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे, आणि नाव-गाव-धंदा. पाठवताना लाईट गेली, मग परत. पोचल्याचा मेसेज आला, बस्स, त्याच्यानंतर कोणी फोन केला नाही की काही विचारलं नाही. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, 2014 साली केंद्राने ठरवलंय की कायद्याचा मसुदा असेल तर तो किमान 30 दिवस लोकांसाठी खुला ठेवायचा. म्हणजे अशी खिडकी महिनाभराचीच धरून चाला, आणि बातमी आपल्याकडे पोचेपर्यंत त्यातले बरेच दिवस गेलेले असतात, म्हणून माणसं जमवायचं काम पहिल्याच आठवड्यात करा.

15 जुलै 2015 ला अंतिम धोरण आलं, स्किल इंडिया त्याच दिवशी सुरू झालं. गुरुजी परत प्रिंट घेऊन हजर. आमचं काय आलं ते शोधत बसलो. आरपीएल होतं, पण ते मसुद्यात पण होतं, त्यामुळे आमच्यामुळे झालं असं म्हणायला जागा नाही. महिला उद्योजकांचा भाग होता, मार्गदर्शक, ई-हब (उद्योजकांना मदत करणारी केंद्रं) वगैरे होतं. सातबारा अर्थातच नाही. पण एक आकडा सापडला आणि मला वाटलं अरे, हाच तर आपला मुद्दा. धोरण म्हणतं देशात फक्त 4.69 टक्के कामगारांनी औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलंय, दक्षिण कोरियात हेच 96 टक्के. आणि 2022 पर्यंत ज्या चाळीस कोटीच्या वर लोकांना शिकवायचंय त्यातले नवीन नोकरीच्या वयाला येणारे फक्त साडेदहा कोटी, बाकी जवळजवळ 30 कोटी म्हणजे आधीपासून काम करणारीच माणसं. म्हणजे काकी. म्हणजे तांडेल. तीन चतुर्थांश माणसं आधीच कामावर आहेत हे सरकारचाच कागद सांगतो, तरी पुढे जे ट्रेनिंग सेंटर निघाले ते बघा, शिलाई, कॉम्प्युटर, रिटेल, सगळं अठरा-वीस वर्षाच्या पोराला डोळ्यासमोर ठेवून.

तसल्याच एका सेंटरला पुढे दोनतीन वर्षांनी बायकोच्या गटातल्या बायका गेल्या, अन्नप्रक्रियेची बॅच म्हणून. सेंटरचं नाव घेत नाही. हजेरी आधारला जोडलेल्या मशीनवर, अंगठा लावायचा. आणि काकींचा अंगठा काही केल्या लागेना. वर्षानुवर्षं काजूचा चीक लागून बोटांची कातडी गुळगुळीत झालेली, रेषाच नाहीत! एकदा पुसून, एकदा ओला करून, दहाही बोटं झाली, मशीन आपली लाल. तिकडचा पोरगा बिचारा म्हणाला काकी उद्या या. उद्या पण तेच. म्हणजे ज्या कामामुळे त्यांच्याकडे कौशल्य आहे त्याच कामाने हजेरी खाल्ली. इतर बायकांची लागायची, ह्यांची आठवड्यातून दोनदा कधीतरी, आणि हजेरी कमी म्हणजे परीक्षेला बसता येत नाही. शेवटी बायकोने भांडून डोळ्याचं मशीन मागवायला लावलं, ते पण जिल्ह्याच्या ठिकाणाहून.

सेंटरवाल्यांची पण बाजू असते, ती पण बघितली मी. त्यावेळच्या पीएमकेव्हीवाय, म्हणजे प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेमध्ये त्यांना पैसे हप्त्याने मिळायचे, बॅच सुरू झाली की 30 टक्के, सर्टिफिकेट झाल्यावर 50, आणि नोकरी लागल्यावर उरलेले 20. म्हणजे शेवटच्या 20 टक्क्यासाठी त्यांचा फोन यायचा, ताई कुठे जॉब लागला, सॅलरी स्लिप पाठवा. बायको म्हणायची अहो मी आधीपासूनच काजूचा धंदा करतेय. पलीकडे दोन मिनिटं शांतता. त्यांच्या फॉर्ममध्ये शिकून नोकरीला लागणारा माणूस आहे, धंद्यात असलेला माणूस शिकायला आला तर काय करायचं ते कोणी ठरवलेलंच नाही. नंतरच्या टप्प्यात नोकरीची ही अट काढली म्हणतात, बरं झालं.

काकींना सर्टिफिकेट मिळालं शेवटी. घोवाला दाखवलं का विचारलं तर म्हणाल्या फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय. पण खरा उपयोग वेगळा झाला. गटाने जिल्हा उद्योग केंद्रातून मशीनसाठी प्रकरण केलं तेव्हा प्रोजेक्ट रिपोर्टला अनुभवाचा पुरावा म्हणून तो कागद जोडता आला. सातबाऱ्याचं घोडं मात्र तिथेच अडलं, बडोद्याची सही यायला पुढचा गणपती उजाडला.

2023 च्या 17 सप्टेंबरला पीएम विश्वकर्मा योजना आली. त्यात 18 धंदे आहेत, सुतार, लोहार, सोनार, कुंभार वगैरे नेहमीचे, पण होड्या बांधणारे आणि जाळी विणणारे पण आहेत. जाळीवाल्या एका काकांना मीच सीएससीला, म्हणजे सरकारी ऑनलाईन अर्ज भरायच्या केंद्राला, घेऊन गेलो. पाच-सात दिवसांचं ट्रेनिंग, दिवसाला 500 रुपये, अवजारांना 15,000 पर्यंतचं व्हाउचर, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, ते फेडलं की 2 लाख. अर्ज पहिल्यांदा ग्रामपंचायतीकडे पडताळणीला जातो, तिथे सरपंचाच्या लॉगिनला बराच काळ पडून राहिला, पण झाला. काकांना ट्रेनिंगला बसवलं तर शिकवणाऱ्यालाच ते गाठ मारून दाखवत होते.

पण त्या अठरात काजूवाल्या बायका नाहीत, आणि बोटीचा इंजिन मेकॅनिक पण नाही. होडी बांधणारा आहे, जाळं विणणारा आहे, आणि ती होडी समुद्रात चालवणारं इंजिन बघणारा नाही. का नाही ह्याला उत्तर असेलही, पारंपरिक हातकामाची यादी आहे, इंजिन त्यात बसत नाही असं म्हणतील, पण आमच्या बंदरावर असे कितीतरी जण आहेत ज्यांच्या वडिलांनी पहिलं इंजिन खोललं आणि आता मुलगा खोलतोय, तीन पिढ्या म्हणजे अजून पारंपरिक व्हायला काय पाहिजे?

म्हणून ह्यावेळी परत लिहायचं ठरवलंय, धोरणाचा मसुदा यायची वाट न बघता, थेट यादीत धंदे वाढवा म्हणून, आणि सोबत हजेरीला अंगठ्याशिवाय दुसरा पर्याय पहिल्या दिवसापासून सेंटरवर असावा म्हणून. गुरुजी आता थकलेत, टायपिंग मी करणार, पण पान नंबर, ओळ, बदल, कारण ही पद्धत त्यांचीच. 1 जूनला बंदी लागली की मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी बसतोय. देवगड, वेंगुर्ल्याच्या बाजूचे कोणी इंजिनवाले असतील तर जरूर या, लावणी असली तरी बायकांनी एखादी संध्याकाळ काढावी. काय काम येतं, किती वर्षं करताय, कोणाकडून शिकलात एवढं कागदावर लिहून आणा, मोबाईलमध्ये नको, पावसात नेटचा भरवसा नाही. आणि कृपा करून पर्ससीनचा विषय घेऊन येऊ नका.